यांचं आगमन झालेलं आहे

साहेबराव सांडूंना गळा देवानं दिला आणि तो वापरायचा कसा ते वैजापूरच्या बाजार समितीनं शिकवलं. कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी हयातभर लिलाव पुकारला. लग्नसराई आली की तोच गळा घेऊन ते मांडवात उभे राहायचे, फक्त कांद्याच्या जागी माणसं असायची.

आपल्याकडं लग्नाला भटजी लागतो, नवरा-नवरी लागतात, सगळं खरं. पण यांतलं कुणी जरा उशिरा आलं तरी निभावतं. माईकवाला मात्र वेळेवर लागतो. पाहुणा कमानीखाली पोचला रे पोचला की भोंग्यातून त्याचं नाव यावं लागतं: अमुक गावचे अमुक अमुक यांचं आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे, दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं सहर्ष स्वागत, त्यांनी स्थानापन्न व्हावं. ज्याचं नाव आलं नाही तो जेवत नाही. जेवला तर पुढची दहा वर्षं त्या घरी पाणी पीत नाही.

या कामात साहेबरावांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. कारण ते नुसतं नाव घेत नसत, बढतीही देत. पानटपरीवाला त्यांच्या तोंडून निघताना 'युवा उद्योजक' होऊन निघे. ग्रामपंचायतीला आपटलेला गडी 'भावी सरपंच' असे. ज्याच्या दारात दोन शेरडं तो 'प्रगतिशील पशुपालक', आणि ज्याला कुठंच काही काम नाही तो अर्थातच 'सामाजिक कार्यकर्ते'. या उदारपणाला खर्च काही नसल्यामुळं साहेबराव त्यात हात आखडता घेत नसत. मोबदला म्हणाल तर टॉवेल-टोपी. वच्छलाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमच्या घरात फडकं इकत आनल्याचं मला तर आठवत नाय. सगळी भांडी याह्यच्या सत्कारानं पुसलीत."

मग पैठणच्या त्या लग्नात घोटाळा झाला.

त्या नवऱ्या मुलाचा साखरपुडा आधी दुसऱ्याच एका मुलीशी झाला होता. तो मोडला. मोडतात, त्यात काही विशेष नाही. पण त्या साखरपुड्यालाही माईक साहेबरावांकडंच होता. पुढं लग्नाच्या दिवशी, अंतरपाट धरायच्या वेळेला, त्यांनी वरवधूची नावं पुकारली ती जुन्या मुलीसकट. तिच्या वडिलांचं नाव घेतलं, गाव सांगितलं, शिक्षणही सांगितलं. गळा शाबूत होता, त्यामुळं मांडवामागं भांडी घासणाऱ्या बायांपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू गेलं. नव्या मुलीनं मुंडावळ्या काढून पाटावर ठेवल्या. तिचा मामा स्टेजवर चढला. दुपारचं लग्न दिवेलागणीला लागलं, तेही हातापाया पडून.

कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतंच. साहेबराव एसटीनं शहरातल्या मुकुंदवाडीच्या घरी पोचेपर्यंत ते चित्रण शेंद्र्याच्या एमआयडीसीत, त्यांचा मुलगा सुदर्शन ज्या कंपनीत होता तिथं, चहाच्या सुट्टीत तीनदा बघून झालं होतं.

"अण्णा, बास," सुदर्शन घरात शिरता शिरताच म्हणाला. "आजपासून माईक बंद. वय झालंय तुमचं, विसरायला लागलात तुम्ही."

"इसरलो कुठं?" साहेबराव म्हणाले. "उलट लई आठवलं. तोच तर घोटाळा झाला."

सुदर्शन हसला नाही. माईक बंद झाला.

त्यानंतर साहेबराव गॅलरीत बसू लागले. समोरून मुकुंदवाडी स्टेशनात येणारी पॅसेंजर दिसायची. ती थांबायची, दोन माणसं उतरायची, ती कोण ते साहेबरावांना माहीत नसायचं आणि माहीत असतं तरी सांगणार कुणाला? जेवण कमी झालं. झोप गेली. रक्तदाब वर चढला आणि तिथंच मुक्काम करून राहिला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काहीही झालेलं नाही असं निदान केलं. त्याचेही पैसे घेतले.

सूनबाई सुरेखा शिकलेली होती. आपल्या सासऱ्याला आयुष्यात अर्थ उरलेला नाही हे तिनं मोबाइलवर वाचून ओळखलं, आणि त्यावरचा इलाज सिडकोतच मिळतो हेही शोधून काढलं. 'तृप्ती ज्येष्ठ आनंद केंद्र' असं त्या इलाजाचं नाव. तिथं संध्या मॅडम म्हणून समुपदेशक होत्या. म्हातारपणाचा अभ्यास त्यांनी तिशीच्या आतच पूर्ण केला होता.

"उतारवयात अर्थपूर्ण अनुभव हेच खरं औषध असतं," संध्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या. बाई शंभर टक्के खरं बोलत होत्या, त्यांच्या नावानं खडे फोडायचं कारण नाही. अडचण एवढीच होती, की अर्थ कशाकशात असतो ते केंद्राच्या वेळापत्रकात आधीच छापून झालेलं होतं. सोमवारी तो कुंड्या रंगवण्यात असे. गुरुवारी सगळ्यांनी गोल बसून कशाचे तरी आभार मानण्यात असे.

"आजोबा, तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद कशात मिळतो?" मॅडमनी विचारलं.

"माईकमधी," साहेबराव म्हणाले.

"अरे वा!" असं म्हणून मॅडमनी त्यांना कराओकेच्या गटात घातलं. साहेबरावांनी आयुष्यात गाणं म्हटलेलं नव्हतं. पण माईक दिसला, सोडवेना. त्यांनी एक जुनं हिंदी प्रेमगीत कांद्याच्या लिलावाच्या चालीवर पुकारलं. शेवटच्या ओळीला मागं बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी बोलीसुद्धा लावली. दुसऱ्या दिवसापासून साहेबराव मौनाच्या गटात गेले.

तिथं मात्र त्यांची प्रगती झपाट्यानं झाली. दोन महिन्यांत ते कुणाशीच बोलेनासे झाले. "आजोबा किती शांत झालेत बघा," असं मॅडमनी सुदर्शनला फोन करून कळवलं. सुदर्शनला बरं वाटलं. सुरेखानं केंद्राला पाच तारे दिले.

"गप झालेला मानूस बरा झाला असं कुन्या डाक्टरनं सांगितलं रं तुला?" वच्छलाबाईंनी मुलाला विचारलं. "मी पन्नास वर्सं याह्यला गप करायला बगत व्हते. मला जमलं नाय ते या बयेनं दोन महिन्यात केलं. मला भ्या वाटतंय."

तेवढ्यात नात श्रेयाचं लग्न ठरलं. मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत, मुलगाही तिथंच. लग्न मात्र गावच्या लोकांना सोयीचं म्हणून इथंच, बीड बायपासवरच्या एका लॉनवर.

ही बातमी कानावर पडली त्या सकाळी साहेबरावांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी न्हाणीघरातून घसा साफ केल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. वच्छलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. आठवडाभर हे चाललं. मग रात्रीच्या जेवणाला साहेबरावांनी विषय काढला.

"श्रेयाच्या लग्नात माईक माझ्याकडं."

ताटावरचे सगळे हात थांबले. "आबा, आम्ही इव्हेंटवाले घेतलेत ना," श्रेया लाडात म्हणाली. "अँकर आहे, सगळं आहे. तुम्ही मस्त चिल करा."

"अण्णा, माझे साहेब येणार आहेत," सुदर्शन म्हणाला. "पुण्याची माणसं येणार आहेत. पैठणसारखं काही झालं तर मी तोंड कुठं लपवू? तुमच्यासाठी पुढचा सोफा ठेवलाय. बसायचं, आनंद घ्यायचा. एवढंच काम."

साहेबरावांनी ताट बाजूला सारलं.

"सुदर्शन, ह्ये एकच लगीन हाये रं," ते म्हणाले. "याच्या मागून या घराला माईक लागायचा तो माझ्या श्रद्धांजलीला. तवा मला कुनी बोलू देनार नाय."

या बोलण्यावर हसू येण्यासारखं होतं, पण साहेबरावांना ते गमतीनं सुचलेलं नव्हतं. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. सुदर्शननं भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाला, "नाही म्हणजे नाही."

लग्नाच्या दिवशी त्यांना फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर बसवलं. सोफा इतका मऊ होता की माणूस त्यात एकदा बसला की दुसऱ्यानं ओढल्याशिवाय उठत नसे. पाहुण्यांसाठी अगदी विचार करून केलेली सोय. स्टेजवर सत्यम नावाचा अँकर होता. कानामागून आलेला बारीक माईक त्याच्या गालाला माशीसारखा चिकटलेला. दोन्ही हात मोकळे असल्यामुळं त्यांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं, म्हणून तो ते सारखे हलवत होता.

"तो दोस्तो, आवाज नहीं आ रही मुझे!" सत्यम ओरडला. "दुल्हन की सहेलियों के लिए जोरदार तालियाँ!"

मैत्रिणी नाचत आल्या. धूर सोडला. मग धूर जाईपर्यंत सगळे थांबले. मुहूर्ताला अजून अवकाश होता. तेवढ्यात वैजापूरकडच्या गाड्या आल्या.

सगळ्यात पुढं गोकुळ होता, साहेबरावांचा चुलतभाऊ. धुवट धोतर, नवी टोपी. कमानीखाली आला आणि सवयीनं उभा राहिला, मान किंचित तिरपी करून, भोंग्याकडं कान देऊन. भोंग्यातून हिंदी गाणं आलं. गोकुळ थांबला. त्याच्यामागं भावकी थांबली. गाणं संपलं, दुसरं लागलं. कुणी पुढं सरकेना. न बोलावता कसं शिरायचं? इव्हेंटवाल्यांच्या पोरी हातात अत्तरदाणी घेऊन "सर, प्लीज आत या" म्हणत होत्या, पण त्यांना गोकुळचं नावही ठाऊक नव्हतं, मग ते बोलावणं कसलं!

साहेबरावांनी हे सोफ्यातून पाहिलं. गोकुळच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चाललेला त्यांना लांबूनही कळला.

"मला जरा लघवीला जायचंय," त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं आणि त्यानं हात देऊन त्यांना वर ओढलं.

ते सरळ कमानीपाशी गेले. फेटा नीट केला, छाती भरून श्वास घेतला.

"वैजापूर तालुक्याचे ज्येष्ठ मार्गदर्शक, कांदा उत्पादकांचे आधारस्तंभ, श्रीमान गोकुळराव सांडू यांचं आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे! दोन्ही परिवारांच्या वतीनं त्यांचं सहर्ष स्वागत! त्यांनी स्थानापन्न व्हावं!"

दहा महिने झाकून ठेवलेला आवाज तो. पार पार्किंगपर्यंत गेला. गोकुळची मान ताठ झाली. त्यानं डावीकडं नमस्कार केला, उजवीकडं केला, तिथं कुणी नव्हतं तरी केला, आणि आत गेला. पण स्थानापन्न काही झाला नाही. मागच्यांना काय काय पदव्या मिळतात ते ऐकायला कमानीच्या कडेला उभा राहिला. मागचाही आत येऊन तिथंच उभा राहिला. असं करता करता कमानीपाशी जत्रा भरली.

आत आधीच बसलेल्यांच्या लक्षात आलं, की आपलं काहीतरी राहिलंय. गावाकडचे दोन-चार जण उठले, बाजूच्या फाटकातून बाहेर पडले आणि फिरून पुन्हा कमानीशी आले. त्यांचं बघून आणखी उठले. मग पुणेकर उठले. त्यांना आधी हा प्रकार गावठी वाटला होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण नवरदेवाचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, इकडंतिकडं बघत साहेबरावांच्या कानाला लागले आणि हळूच म्हणाले, "आमचंही घ्या ना." साहेबरावांना त्यांचं नावगाव काही माहीत नव्हतं. त्यांनी विचारून घेतलं आणि काकांना 'अर्थतज्ज्ञ' करून आत सोडलं. काकांनी लगेच फोन करून काकूंना बाहेर बोलावलं.

सुदर्शनचे साहेब परप्रांतातले होते, त्यांना मराठीचा गंध नव्हता. पण रांग दिसली की उभं राहावं हे त्यांना कंपनीनं शिकवलेलं असावं. तेही उभे राहिले, आणि 'उद्योगजगताचा उगवता सूर्य' हे शब्द अर्थ न कळताही त्यांना आवडले. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले आणि मोबाइलवर घेतले.

इकडं सत्यमसमोर रिकामे सोफे होते. "एव्हरीबडी, हात ऊपर!" तो म्हणाला. वर करायला हातच नव्हते. पुढच्या रांगेत वच्छलाबाई तेवढ्या एकट्या बसून होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मुहूर्त केव्हाच टळला होता.

सुदर्शन धावत आला. फेट्याचा शेमला गळ्यात आलेला, सदऱ्याची पाठ भिजलेली.

"अण्णा! भटजी ओरडतायत! काय चाललंय हे?"

"स्वागत," साहेबराव म्हणाले.

"मी नको म्हणालो होतो ना तुम्हाला?"

"तू माईकला नको म्हनला. माईक कुठंय?" त्यांनी दोन्ही रिकामे हात पुढं केले.

गर्दीत कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सुदर्शनचा तोल गेला. कंपनीतली भाषा गळून पडली आणि वैजापूरची आतून वर आली.

"सगळ्या जगाची नावं घेतली तुमी!" तो म्हणाला. "पानटपरीवाल्याला उद्योजक केलं. घरी बसून खानाऱ्याला कार्यकर्ता केलं. मी ल्हान असताना परत्येक मांडवात पुढच्या सतरंजीवर बसायचो. वाटायचं, आज अण्णा म्हनतील. आज तरी म्हनतील. दहावीला शाळंत पयला आलो, त्याच आठवड्यात मामाचं लगीन व्हतं. नवं शर्ट घालून बसलो व्हतो मी. घेतलं माझं नाव? एकदा तरी घेतलं?"

साहेबरावांना हे सगळं नवीन होतं.

"आपल्या घरच्याचं नाव आपल्याच तोंडानं घेत नसत्यात रं," ते म्हणाले. "लोक म्हनत्यात, माईक हातात हाये तर सोताचीच आरती ओवाळतो."

"लोक म्हनत्यात," सुदर्शन म्हणाला.

माईकवाल्यांची ती रीतच होती आणि साहेबरावांनी ती इमानदारीनं पाळली होती. त्यांना तिचा अभिमानही होता. पुढच्या सतरंजीवर बसलेलं पोरगं त्यांना शेकडो मांडवांत दिसलं होतं, पण ते कशाची वाट बघत बसलंय हे कधी मनात आलं नव्हतं. आता आलं.

"भायेर जा," ते म्हणाले.

"काय?"

"कमानीच्या भायेर जा. आन् मंग आत ये."

सुदर्शन तसाच उभा. गोकुळनं त्याच्या दंडाला धरून त्याला कमानीबाहेर नेलं आणि तोंड आत करून उभं केलं. लोकांनी वाट सोडली. साहेबरावांनी घसा साफ केला.

"आता आपल्यामध्ये," त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले.

लोकांना वाटलं, म्हातारा विसरला. सुदर्शनलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. पण साहेबराव काही विसरले नव्हते. आठवायला मुळात काही नव्हतंच.

"तू नेमका काय हायेस रं तिथं?" त्यांनी विचारलं. "कंपनीत?"

एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. कुणाचा साडू कुठल्या सोसायटीचा माजी व्हाइस चेअरमन आहे हे सांगणारा माणूस इतकी वर्षं या मुलाच्या घरात राहिला होता. मुलानं आणलेल्या गोळ्या खाल्ल्या होत्या. आणि त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं. साहेबरावांना भर मांडवात लाज वाटली, पैठणला वाटली नव्हती इतकी.

"सीनियर मॅनेजर," सुदर्शन खाली बघत म्हणाला. "क्वालिटीला."

साहेबरावांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला बढती दिली नाही.

"शेंद्र्याच्या कंपनीत क्वालिटीला सीनियर मॅनेजर आहेत," ते म्हणाले. आवाज पार्किंगपर्यंत गेला नाही, जेमतेम कमानीपुरता होता. "वधूचे वडील आहेत. शाळेत दहावीला पहिले आले होते. सुदर्शन साहेबराव सांडू. माझा मुलगा आहे. यांचं आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे."

त्यापुढचं सहर्ष स्वागत त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. आतून भटजींची हाक आली, कुणीच तिकडं पाहिलं नाही. सुदर्शन कमानीखाली हात जोडून उभा होता, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यानं हात सोडले नाहीत.

"ये की रं आत," साहेबराव म्हणाले. "घेतलं ना नाव."